लाटेत गेलं की इंजिन बंद पडतं, जेट्टीला मात्र दोन तास चालतं

हर्णै_२८फुटी:
नमस्कार मंडळी, आमची 28 फुटी फायबरची बोट आहे, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदीत वर ओढून झापांनी शाकारून ठेवली होती, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घातली तेव्हापासून हा त्रास चालू आहे. सुवर्णदुर्ग मागे टाकला की वीस-पंचवीस मिनिटांत इंजिनाचा आवाज खाली-वर व्हायला लागतो आणि बंद. दहा मिनिटं थांबून हातपंप मारून हवा काढली की सुरू, मग कधी तासभर काही नाही, कधी पाच मिनिटांत परत तेच. जेट्टीला बांधून दोन तास चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. फिल्टर दोनदा बदलला, नोझल बघून झाले, मेकॅनिक म्हणतो डिझेलचा पंप बदला. खर्च मोठा आहे हो. परवा वाऱ्याने खडकांच्या अंगाला नेलं तेव्हा धाकटा भाऊ बरोबर होता, आता आई त्याला सोडतच नाही. पंपाआधी काय बघू?

डिझेल_आबा:
पंपाला हात लावू नका अजून. गचकन बंद पडलं असतं तर स्टॉपची केबल बघा म्हटलं असतं, पण आवाज खाली-वर होऊन मरतंय म्हणजे डिझेल कमी पडतंय नाहीतर हवा घेतंय. एक करा, 20 लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनापेक्षा उंच घट्ट बांधा, टाकीची लाइन सोडवून त्यातून डिझेल द्या, रिटर्नचा पाइपही (उरलेलं डिझेल परत आणणारा) कॅनमध्येच सोडा, आणि त्याच वाटेने बाहेर जाऊन या. बंद नाही पडलं तर दोष टाकीत नाहीतर लाइनीत. जेट्टीला लोड नसतो, डिझेल कमी लागतं, म्हणून तिथलं चालणं धरू नका.

खाडीवाला:
टाकीचा हवेचा पाइप बघितला का दादा? आमच्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, टाकीत हवाच जाईना. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, सूं करून हवा आत गेली तर तेच. आणि फिल्टरच्या बोल्टाचे तांब्याचे वायसर नवीन घाला, टाकीकडून डिझेल ओढलं जातं त्या बाजूला गळती असली तर डिझेल बाहेर दिसत नाही, हवा आत ओढली जाते.

नांगर_तयार:
तोवर लांब जाऊ नका, एकटे तर नकोच. नांगर दोरासकट नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) तयार ठेवा, जॅकेट अंगात घाला. वायरलेसचा चॅनल 16, कोस्ट गार्डचा नंबर 1554, भावालाही पाठ करायला लावा.

हर्णै_२८फुटी:
आबा, कॅनवर दीड तास फिरलो, त्याच लाटेत, एकदाही बंद नाही! झाकणाचा आवाज आला नव्हता, वायसर बदलले. मग टाकी उपसली तर तळाला तीनेक लिटर पाणी निघालं आणि काळा बुळबुळीत गाळ, बोटाला धरला की तार सुटते. ओढपाइपाच्या टोकाची जाळी त्यानेच लिंपलेली, जेमतेम दोन-चार भोकं उघडी. पण पाणी आलं कुठून? झाकण तर घट्ट होतं.

डिझेल_आबा:
टाकी अर्धी ठेवली असणार. पावसाळ्याची दमट हवा आत जाते, रिकाम्या पत्र्याला दव धरतं, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं आणि दोघांच्या सीमेवर जंतू वाढून हा गाळ होतो. जेट्टीला तो खाली निवांत असतो, लाटेत उठतो आणि जाळीला चिकटतो, इंजिन थांबलं की ओढ थांबते, मग सुटून पडतो. म्हणून तुमचं दहा मिनिटांनी सुरू व्हायचं. पुढच्या मे महिन्यात टाकी काठोकाठ भरून मगच वर ओढा.

हर्णै_२८फुटी:
अर्धीच होती. टाकी दोनदा डिझेलने धुतली, जाळी ब्रशने साफ केली. कालपासून दोन खेपा झाल्या, इंजिन एका लयीत चालतंय, आज भाऊ पण आला होता. फिल्टरच्या वाटीत अजून थोडं काळं उतरतंय, ते स्वच्छ दिसेपर्यंत दर खेपेला खालचा नट सोडून काढतो. आबा, खाडीवाले दादा, खूप आभार, पंपाचे पैसे वाचले.