वाढवण बंदर : ‘चार बोंबलांसाठी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

चिंचणीकर : ‘चार बोंबलांसाठी ७६ हजार कोटींचं बंदर अडवलं’ असं काल एक महाशय लिहून गेले. ताटात आले की बरे गोड लागतात! अहो, वाढवण ज्यात येतं तो डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला तो केंद्रानेच, १९९१ साली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ ला डहाणूचं पर्यावरण जपायला प्राधिकरण आलं, १९९८ ला त्याने बंदराला नाही म्हटलं. २०२३ ला तेच प्राधिकरण हो म्हणतं. मधे समुद्र बदलला की सरकार? १,४४८ हेक्टर भराव पडल्यावर आम्ही बोंबलाची डोल जाळी कुठे लावायची?

गोदीवाला : ते महाशय मीच. वाढवणला २० मीटर नैसर्गिक खोली आहे. आज आपला कितीतरी माल कोलंबोत जहाज बदलतो, भाडं तिकडे जातं. माझा भाचा मनोरचा, आयटीआय करून रोज पहाटे वापीला पळतो. त्याने काय चिकू मोजायचे? डहाणूत कोळशावरचं वीजकेंद्र आलं तेव्हाही डहाणू बुडणार होतं. बुडलं?

चिंचणीकर : नाही, कारण प्राधिकरणाने मागे लागून तिथे धुरातलं गंधक काढायची यंत्रणा बसवून घेतली. आपोआप नाही झालं! आणि भाच्याला एकदा उरणच्या हनुमान कोळीवाड्यात न्या. न्हावाशेव्याच्या बंदरासाठी उठवलेली माणसं, वाळवीने पोखरलेली घरं.

पाड्यावरची : तुमचं बंदर चालू द्या. आमच्या सूर्या नदीच्या पाण्यावर कोणी बोलेल का? धरण बांधलं आमच्या सिंचनाला, रोज ४०३ दशलक्ष लिटर पिण्याच्या पाण्याची योजना मात्र वसई-विरार अन् मीरा-भाईंदरची. धरण आमच्याच भागात, तरी एप्रिलमध्ये माझी आई डवऱ्यातून, नदीत खणलेल्या खड्ड्यातून, वाटीवाटीने हंडा भरते.

मीरारोडकर : मग आम्ही पाणी पिऊ नये? टँकरला पैसे मोजून कंबरडं मोडलंय.

पाड्यावरची : प्या की. त्याच पाण्याने गाड्या धुता, ते सांगा.

मीरारोडकर : बरं, उद्यापासून गाडी मळकी ठेवतो. तुमच्या शेतात कालवा येईल?

पाड्यावरची : कालवा आहे हो! शेवटच्या शेतापर्यंत पाणी येत नाही. एकदा येऊन बघा, मग टोमणे मारा.

गोदीवाला : धागा बंदराचा होता. असो. भरपाई आधी, भराव नंतर, एवढं मला मान्य, चिंचणीकर. झालं समाधान?

चिंचणीकर : केवढे उपकार! आणि भरपाई बोटीच्या कागदावर दिली तर? माझी काकू मासळी सुकवते, टोपली घेऊन बाजारात बसते. तिच्या नावावर ना बोट, ना जाळं. तिला कुठल्या यादीत बसवताय?

गोदीवाला : यादी मी करत नाही.