डायबेटिससाठी दर वेळी डॉक्टरच हवा का?

सायली_म: इथे अमेरिकेत बाबांचा डायबेटिस तीन वर्षं एक नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे जादा शिकलेली, तपासून औषधं लिहून देणारी नर्स) बघतेय. आधी बाबा जाम वैतागले होते, मला नर्सकडे का ढकललं म्हणून, आता तिच्याशिवाय दुसरं कोणी नको म्हणतात. परवा तिने मोजे काढायला लावले, तळपायाची संवेदना बघायला ठिकठिकाणी नायलॉनचा बारीक धागा टेकवत विचारत होती, कळतंय का, आता कळतंय का, आणि उजव्या अंगठ्याखाली बाबांना काहीच कळलं नाही. आधीच्या डॉक्टरांनी एकदाही बूट काढायला सांगितलं नव्हतं हो! नेहमीच्या फॉलोअपला एनपी किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टर नसलेले पण पेशंट तपासून औषधं देणारे) अगदी पुरेसे आहेत.

हेमंत_डी: चांगली भेटली तुम्हाला, पण सगळ्यांचं तसं होत नाही. फिजिशियन असिस्टंटचा कोर्स साधारण 27 महिन्यांचा, क्लिनिकल तास 2000 च्या आसपास. डॉक्टर 4 वर्षं मेडिकल स्कूल करून वर निदान 3 वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग करतो. माझ्या काकूंची शुगर चढत होती, वजन उतरत होतं आणि त्यांचा पीए टाइप 2 समजून मेटफॉर्मिनच्या गोळ्या वाढवत बसला, शेवटी स्पेशालिस्टने अँटीबॉडी टेस्ट केली तर टाइप 1 निघाला, ज्यात इन्सुलिन घ्यावंच लागतं, तोही मोठेपणी सुरू झालेला. इन्सुलिनवाचून कित्येक महिने काढले त्यांनी, मला अजून राग येतो.

सायली_म: वाईट झालं, खरंच. पण मोठ्या वयातला टाइप 1 डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. 2018 मध्ये वेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्यसेवा) 3,68,481 डायबेटिस पेशंटचा अभ्यास आला होता, डॉक्टर, एनपी, पीए तिघांकडच्या पेशंटच्या एवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, एलडीएलमध्ये (वाईट कोलेस्टेरॉल) म्हणावा असा फरक नव्हता.

हेमंत_डी: तो सरासरीचा हिशोब झाला, काकूंसारख्या केसेस त्यात बुडून जातात. शिवाय तिथे एकाच सिस्टिममध्ये सगळे, अडलं की विचारायला डॉक्टर हाताशी. निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी डॉक्टरच्या देखरेखीशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करू शकतात, तिथे अडल्यावर विचारणार कोणाला?

रानपाखरू: मी स्वतः पीए आहे. हेमंत, टाइप 2 चं लेबल लागलंय आणि वजन आपोआप उतरतंय, तर डोस वाढवण्याआधी थांबायलाच हवं होतं, ती चूकच. पण डॉक्टरांना मिळतात 15 मिनिटं, त्यात पाय, डोळे, किडनीसाठी लघवीची तपासणी, जेवणखाण कधी विचारणार? हे सगळं आम्ही बघतो. फक्त शंका आली की वर पाठवायला लाजू नये, आणि क्लिनिकनेही त्यासाठी वेळ द्यावा.

हेमंत_डी: हे पटलं. पण नव्याने निदान झालेल्याची पहिली व्हिजिट तरी डॉक्टरकडेच हवी, यावर मी ठाम आहे.