नुसती स्कॉच पिणाऱ्या दादासाठी कुठलं कॉकटेल करू? मदत हवी आहे

शनिवारी दादाचा पन्नासावा वाढदिवस. तो धुरकट स्कॉच पितो, सोबत फक्त चमचाभर पाणी. ग्लास आधी नाकाशी धरतो, मगच घोट घेतो. या वेळी त्याला माझ्या हातचं कॉकटेल द्यायचंय, पण व्हिस्कीची चव मरता कामा नये.

ओल्ड फॅशन्ड करून पाहिलं: 60 मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), एक शुगर क्यूब, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांच्या कडवट अर्काचे) दोन-तीन शिंतोडे, वर संत्र्याची साल पिळली. सालीच्या तेलाचा वास ग्लासभर पसरला, मला तर फारच आवडलं. पण बर्बन मुळातच गोडसर, आणि दादाला गोड आवडत नाही. साखर निम्मी केली तर चव बिघडेल का?

दुसरा विचार रॉब रॉयचा, म्हणजे स्कॉचचं मॅनहॅटन (व्हिस्की, गोड व्हर्मूथ आणि बिटर्सचं कॉकटेल). धुरकट स्कॉचशी गोड व्हर्मूथ, म्हणजे वनस्पती-मसाल्यांच्या स्वादाची वाइन, जुळतं का?

की सरळ पेनिसिलिन नावाचं कॉकटेल करू? त्यात साध्या ब्लेंडेड स्कॉचबरोबर लिंबू, मध, आलं असतं आणि धुरकट स्कॉच थोडीशीच वरून सोडतात, त्यामुळे नाकाला आधी तिचाच वास येतो. दादासाठी मला हेच पटतंय, धास्ती फक्त लिंबाची आहे.

कोणी अशा पक्क्या स्कॉचवाल्याला पाजलं असेल तर प्लीज प्रमाणासकट सांगा.