घरचे फोटो आणि धंद्याची बिलं क्लाउडवर टाकावीत का?

प्रश्न: २० वर्षांचे फोटो आणि माझ्या छोट्या धंद्याची बिलं, सगळं एकाच लॅपटॉपवर. परवा हार्ड डिस्क कुरकुरली आणि पोटात गोळाच आला. मुलगी म्हणते, क्लाउडवर टाका आणि निवांत झोपा. पण आपली हिशेबाची वही दुसऱ्याच्या मशीनवर ठेवायची?

उत्तर १: आधी डिस्कची कॉपी काढा, चर्चा नंतर! मी क्लाउड ७ वर्षं वापरतोय. लॅपटॉप चोरीला गेला, तरी संध्याकाळपर्यंत नव्या मशीनवर काम सुरू झालं. ठेच लागली ती वेगळीच. सिंक (सगळीकडे आपोआप सारखंच ठेवणं) म्हणजे बॅकअप, म्हणजे वेगळी जपलेली प्रत, नव्हे. फोनवर जागा करायला एक फोल्डर उडवलं, ते क्लाउडवरूनही गेलं. कचरापेटीत ठरावीक दिवसच राहतं. मला कळलं दोन महिन्यांनी.

उत्तर २: क्लाउडही शेवटी कुठल्यातरी इमारतीतच असतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं. दुसरीकडे प्रत नसलेल्या काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून ३-२-१: ३ प्रती, २ प्रकारच्या साधनांवर, १ दुसऱ्या जागी. बिलं चढवण्याआधी स्वतः एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डाने कुलूपबंद (तो पासवर्ड विसरलात तर मात्र देवही उघडू शकणार नाही). आणि टू-फॅक्टर (लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा पुरावा) चालू ठेवाच.

प्रश्नकर्ता: एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी लावलीय, ४१ टक्के झाली. टू-फॅक्टर म्हणजे फोनवरचा कोड ना? फोनच हरवला तर?

उत्तर १: रिकव्हरी कोड (फोन नसताना आत शिरायचे राखीव कोड) छापून कपाटात ठेवा. लॅपटॉपमध्ये नको. माझे त्या चोरीला गेलेल्यातच होते.