खर्रा सापडलेल्या मुलांना एका वर्गात बसवणं: उपाय की शिकवणी?

फळापुसणी:
विदर्भातल्या शाळेत आठवी-नववीच्या दप्तरात खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली पुडी) सापडला की बहुतेकदा काय होतं? नावं काढायची, पंधरा जणांना शनिवारी एका वर्गात कोंबायचं, तासभर व्यसनमुक्ती ऐकवायची. हे थांबवा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला म्हणून आपणच ओरडतो आणि मग सगळे ढवळे एका दावणीला बांधतो.

मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १३-१४ वर्षांच्या मुलांना मित्रासोबत २५ मिनिटं गप्पा मारायला बसवून चित्रण केलं. एकजण नियम मोडल्याचं सांगतो, दुसरा फिसकन हसतो, की पहिल्याचं पुढचं वाक्य थोडं अधिक धाडसी. ज्या जोड्यांत अशा बोलण्याला हशा मिळाला, तिथली मुलं पुढच्या दोन वर्षांत जास्त वाहवली. भाषण कुणाच्या लक्षात राहत नाही, हशा राहतो.

चुना-कात:
सर, पटत नाही. त्या मोकळ्या गप्पा होत्या, समुपदेशन नव्हे. शिवाय समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडल यांनी १९७८मध्येच दाखवलं की गांजा ओढणारे मित्र एकसारखे दिसतात त्याचं निम्मं कारण निवड असते: मुळात सारखीच पोरं एकमेकांना शोधतात. तुम्ही वर्गात वेगळं बसवाल, पानठेल्यावर ती भेटणारच. आणि हिशेब करा. पंधरा मुलं, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे साडेसात तास. एवढा वेळ देणारा समुपदेशक कुठल्या शाळेत आहे?

फळापुसणी:
मोठी माणसं हजर असली म्हणून भागत नाही. बॉस्टनजवळ १९३९मध्ये सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल या गुन्हेगारी रोखण्याच्या प्रकल्पात सारख्या मुलांच्या २५३ जोड्या होत्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला वर्षानुवर्षं मदत. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तपासलं, तर मदत मिळालेलेच मागे. पुढच्या विश्लेषणात नुकसान मुख्यतः उन्हाळी शिबिराला एकाहून जास्त वेळा पाठवलेल्यांत दिसलं.

चुना-कात:
शिबिर म्हणजे दिवसरात्र एकत्र. शनिवारचा एक तास त्याच मापाने मोजता? २००५मध्ये वाइस या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, त्यात गटात उपचार केल्याने मुलं बिघडतात याला फारसा आधार मिळाला नाही.

मधली_सुट्टी:
दोघंही तासाबद्दल भांडताय. खरी शिकवणी तासाआधी व्हरांड्यात होते, शिक्षक येईपर्यंतच्या दहा मिनिटांत.

गट घ्यायचाच तर सहाचा घ्या, त्यात यादीतले दोनच, तेही वेगळ्या तुकड्यांतले. बाकी चार वर्गात वजन असलेली, पण खर्रा न खाणारी. मोठी माणसं दोन: एक बोलणारा, दुसरा फक्त नजर ठेवणारा. "कुठून आणला, कुठे लपवला" हा प्रश्न गटात कधीच नको, त्याचं उत्तर म्हणजे फुशारकी. हशा पिकला तर रागावू नका, रागावणं हे बक्षीसच. शांतपणे दुसऱ्याला विचारा, "मित्राने पुडी पुढे केली तर नेमकं काय म्हणशील?" आणि ते वाक्य त्याच्याकडून मोठ्याने तीनदा म्हणवून घ्या.

चुना-कात:
सहाचा गट मान्य. पण ती चार चांगली पोरं? त्यांच्या आईबापांना काय सांगणार?

मधली_सुट्टी:
नकार द्यायचा सराव आहे, एवढंच. सूचनाफलकावर यादी लावू नका, ती लागली की दुपारपर्यंत "आपण यादीतले" असा बिल्ला तयार होतो. टोळीच्या म्होरक्याला गटात घेऊच नका, त्याचा अर्धा तास वेगळा, आठवड्यातल्या साध्या वारी. तेवढा वेळ कुठल्याही शाळेत निघतो.

फळापुसणी:
आणि पानठेला? शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. टेप घेऊन शाळेच्या कुंपणापासून मोजायला मुख्याध्यापकांना समुपदेशक लागत नाही.