झेडपीची शाळा चांगली आहे का, कसं ओळखायचं?

मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार, झेडपी शाळा घराजवळच आहे पण सासूबाई म्हणतात इंग्लिश मिडीयमच बघा. भिंती मस्त रंगवल्यात, पण त्यावरून काय कळणार?

गावकरी: रंग सोडा हो. तिसरीतल्या दोन-चार पोरांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, 'असर'वाले (पोरांचं वाचन-गणित तपासणारा देशभरचा सर्व्हे) पण तेच करतात.

मास्तरीणबाई: शिक्षक किती तेही बघा. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) ३० पोरांमागे एक, पण दोनशिक्षकी शाळेत एकजण मीटिंग नि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकला की दुसरा चारही वर्ग सांभाळतो (मी केलंय, घसा बसतो).

गावकरी: व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, शेवटची मीटिंग कधी झाली विचारा. आणि मुलींच्या संडासाला कुलूप आहे का बघाच.