मसूर, लाल भोपळा आणि बेर्बेरे: तुमचं कसं झालं?

इथिओपियात मसुराच्या तिखट रश्शाला ‘मिसिर वोत’ म्हणतात आणि लाल भोपळ्याच्या रश्शाला ‘दुबा वोत’. मी दोन्ही एकाच पातेल्यात शिजवलं, त्यामुळे अस्सलपणाचा दावा अजिबात नाही. तीन मोठे कांदे अगदी बारीक चिरले आणि कोरड्या पातेल्यात, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर अर्धा तास परतले. तळाला लागायला लागले की चमचाभर पाणी. हात दोनदा मोहरीच्या डब्याकडे गेला, मागे घेतला. मग तेल, आलं-लसूण, दोन चमचे बेर्बेरे (तिथला लाल मिरचीचा तिखट मसाला), ते चांगलं परतून वाटीभर मसूर आणि शेवटी भोपळ्याच्या फोडी. तुम्ही केलं असेल तर लिहा. फसलेलं आधी.

नाशिकहून
फसलेलं माझंच घ्या. बेर्बेरे मिळेना म्हणून घरचा कांदा-लसूण मसाला घातला, वर सवयीने जिरं-मोहरीची फोडणी. मुलगा म्हणाला, “आई, उसळ छान झालीय.” दुसऱ्यांदा मसाला घरी केला: बेडगी मिरची, धणे, मेथी, ओवा, कलौंजी, सुंठ, दोन लवंगा. त्यांच्याकडची कोरेरिमा नावाची वेलची इथे कुठली मिळायला, म्हणून मसाला वेलची. मेथी जपून घाला, मी एक चमचा घातली आणि कडू झालं. ओवा मात्र वगळू नका, वास तिथूनच बदलतो.

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँडहून
वॉशिंग्टनच्या आसपास इथिओपियन वस्ती मोठी, त्यामुळे बेर्बेरे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. ऑफिसातल्या मैत्रिणीला मी बटरनट स्क्वॉश घालून केलेलं वोत डब्यात नेलं. तिने एक घास खाल्ला आणि विचारलं, “कांदा किती वेळ?” दहा मिनिटं, म्हटलं. ती हसली. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी गेले तर कांदा पाऊण तास चुलीवर होता, आणि आम्ही गप्पा मारत होतो. जेवताना तिने इंजेराच्या, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या जाळीदार भाकरीच्या, तुकड्यात वोत गुंडाळून पहिला घास थेट माझ्या तोंडात भरवला. याला ‘गुर्शा’ म्हणतात. मला एकदम लग्नातला घास आठवला, नाव घ्यायचंच बाकी होतं.

पूर्वी अदीस अबाबात, आता पुण्यात
नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं तिथे होते. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी बुधवारी-शुक्रवारी उपास करतात, फासिकाच्या, म्हणजे त्यांच्या ईस्टरच्या, आधी तर सलग 55 दिवस. त्या दिवसांत मांस, दूध, लोणी, अंडी काहीच नाही. म्हणून डाळी आणि भोपळ्याचे असे पदार्थ. शाकाहारी माणसाने हॉटेलात ‘बेयाय्नेतू’ मागवावं, इंजेरावर सगळ्या उपासाच्या भाज्या येतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना हे समजावलं. त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, “उपासाला कांदा-लसूण आणि मसूर? मग पारणं कशानं सोडतात?” इतर दिवशी यात ‘नितेर किब्बे’ हे मसाले घालून कढवलेलं तूप पडतं, तेव्हा त्यांना पटलं.

सांगलीहून
भोपळा मसुराबरोबरच टाकला. लगदा. चव बरी होती, लहान मुलांनी पोळीबरोबर खाल्ला.

ठाण्याहून
मला वोतपेक्षा इंजेराची खोड लागली. इंजेरा ज्याचा करतात ते तेफ नावाचं बारीक धान्य मिळालं नाही, ज्वारीचं पीठ भिजवून दोन दिवस आंबवलं. इंजेरा एकाच बाजूने भाजतात, उलटत नाहीत; झाकण ठेवून वाफ द्यायची. जाळी पडली, पण उचलताना मोडलं. आईने तेच पीठ घेतलं, मूठभर तांदळाचं पीठ घातलं आणि सरळ आंबोळ्या घातल्या. वोताबरोबर त्याच संपल्या.

नागपूरहून
कुकरमध्ये चालेल का? संध्याकाळी घरी यायला आठ वाजतात.

धागा काढणारी
मसूर कुकरला लावा ताई, बिनधास्त. कांद्याला मात्र सूट नाही. रविवारी दुप्पट परतून ठेवा, फ्रीजमध्ये टिकतो. ठाणेकर, आईंच्या आंबोळीचं प्रमाण द्या. आज बुधवारच आहे, माझे कांदे चिरून झालेत.